आमच्या नावाने ‘हरकत नाही’

लहान उद्योजकांसाठी मी सरकारदरबारी जे काही केलं, त्याचं लोक कौतुक करतात. सत्कारात कुणीतरी हमखास ‘तळमळ’ हा शब्द वापरतं. मी हात जोडते आणि खाली बघते. तळमळ होती, खोटं कशाला बोलू, पण ती वेगळ्या जातीची होती. एका माणसाची चारचौघांत मान खाली गेलेली मला बघायची होती. बाकीचं जे झालं ते त्या वाटेवर होत गेलं.

तो माणूस म्हणजे माझे जुने मालक. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा मोठा कारखाना आहे. मी तिथे अकरा वर्षं काढली. लागले तेव्हा खोक्यांना पिना मारायच्या टेबलावर होते, सोडलं तेव्हा सुपरवायझर होते. सगळे त्यांना शेठ म्हणायचे, मीही म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, म्हणजे तेव्हा मला तसं वाटत होतं. माझ्या दुसऱ्या बाळंतपणात त्यांनी माझी जागा पाच महिने भरली नाही. नोकरी सोडून मी नाशिकच्या अंबडला भाड्याच्या शेडमध्ये स्वतःचं युनिट टाकलं, तेव्हा उद्घाटनाला ते स्वतः आले. एक जुनं कागदाला लाटा पाडायचं मशीन, एक कटिंगचं, दोन पिना मारायची आणि सात बायका, एवढाच माझा संसार. त्यांनी फीत कापली आणि हसून म्हणाले, “आता तुम्ही आमच्या स्पर्धक.” आमच्या घरात कुणाच्या पाया पडायची पद्धत नाही. वडिलांनी ती मोडूनच काढली होती. तरी त्या दिवशी मी शेठच्या पाया पडले. ते आठवलं की अजून माझे हात आखडतात.

आमच्या धंद्याचा जीव जानेवारी ते एप्रिल या चार महिन्यांत असतो. पिंपळगाव, दिंडोरी, निफाड या पट्ट्यात द्राक्षाची तोडणी चालू झाली की पॅकहाउसवाल्यांना रोज खोकी लागतात. त्या चार महिन्यांवर आमच्यासारखी तीसेक लहान युनिटं वर्ष काढतात. अशात बातमी आली, की द्राक्षबागायतदारांना पॅकिंगच्या खोक्यांसाठी सरकार अनुदान देणार आहे. खोकी मात्र ‘मान्यताप्राप्त’ कारखान्याकडूनच घ्यायची. मान्यता कुणाला मिळणार, ते अजून ठरायचं होतं.

आमच्या उद्योजक संघटनेने सरकारला सूचना द्यायला एक समिती नेमली आणि शेठ तिचे अध्यक्ष झाले. त्यांनी मला फोन केला.

“तुम्ही दोन्ही बाजू बघितल्यात. लहान युनिटवाल्यांचं म्हणणं नीट लिहून द्या. मी मुंबईला पोचवतो.”

मला इतका आनंद झाला होता. दिवसाचं काम आटोपलं की मी शेडमध्येच टेबलावर बसून लिहायचे. आठ दिवस लागले. आम्ही कुठला कागद वापरतो, माल कसा तपासतो, ऐन तोडणीत गाडी अडली तर दुपारपर्यंत शंभर खोकी कशी करून देतो, सगळं लिहिलं. नऊ पानं झाली. सिन्नरला जाऊन त्यांच्या हातात दिली. त्यांनी चाळली आणि म्हणाले, “अक्षर छान आहे तुमचं.”

पुढे चार-पाच महिन्यांनी खात्याचे अधिकारी योजनेचा मसुदा समजावून सांगायला आमच्या संघटनेच्या हॉलमध्ये आले. मसुद्यातलं सातवं कलम असं होतं : मान्यता हवी असेल त्या कारखान्यात पूर्ण स्वयंचलित लाइन आणि स्वतःची तपासणी प्रयोगशाळा असली पाहिजे. जिल्ह्यात अशी लाइन दोघांकडेच होती. त्यातले एक शेठ. बाकी आम्ही सगळे एका वाक्यात बाहेर.

मी उभी राहिले. म्हटलं, “सर, आम्ही लहान युनिटवाल्यांनी या समितीकडे निवेदन दिलं होतं. त्यातला एकही मुद्दा यात दिसत नाही.”

अधिकारी फाइल उलटी-पालटी करू लागले. तेवढ्यात शेठनी माइक ओढून घेतला.

“ताई, खोकं चिकटवणं वेगळं आणि धोरण ठरवणं वेगळं. बसा.”

हॉल हसला. अगदी सगळे नाही. माझ्या शेजारी सातपूरचे काका बसले होते, ते हसले नाहीत. काका म्हणजे आमच्यातले सगळ्यात जुने युनिटवाले. चाळीस वर्षं खोकी करून त्यांच्या बोटांची पेरं खळीने पांढरी पडलेली. हसणं थांबल्यावर अधिकारी म्हणाले, “लघुउद्योजकांची सहमती तर फाइलमध्ये आहे. विषय संपलाय तो.”

आणि मी बसले. त्यांनी ‘बसा’ म्हटलं आणि मी बसले, याचाच मला जास्त संताप आला. अकरा वर्षांची सवय गुडघ्यांत राहते.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. ते एसटीच्या डेपोत क्लार्क आहेत. माणूस कमी बोलणारा, पण कागद ओळखणारा. म्हणाले, “सहमती म्हणजे कुणाची तरी सही असणार. कुणाची आहे ते बघ.” त्यांनीच माहितीच्या अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा ते सांगितलं. महिना-दीड महिना गेला, मग मला फाइल बघायला बोलावलं.

माझी नऊ पानं त्या फाइलमध्ये नव्हती. त्यांच्या जागी शेठच्या सहीचं एका पानाचं पत्र होतं : ‘लघुउद्योजकांशी सविस्तर चर्चा झाली असून त्यांची कोणतीही हरकत नाही. उपस्थितांच्या सह्या सोबत जोडल्या आहेत.’ मागच्या पानावर सह्यांची झेरॉक्स. चौथ्या नंबरला माझी सही होती. खोटी नव्हती, माझीच होती. सहाव्या नंबरला काकांची.

मी तिथे लाकडी खुर्चीवर बसून डोकं खाजवत राहिले. अशी चर्चा कधी झाली? मी कधी सही केली? काकांच्या सहीशेजारी झेरॉक्समध्ये एक काळपट गोल डाग होता. प्रत घेऊन मी तशीच सातपूरला गेले आणि काकांना ती दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, “अहो, हे तर भज्याचं तेल. दसऱ्याच्या कार्यक्रमात एका हातात प्लेट होती माझ्या, सही करताना भजं पडलं वहीवर.”

संघटनेच्या सभासदाला संघटनेची कोणतीही वही बघायचा हक्क असतो. आम्ही दोघांनी लेखी अर्ज दिला. कार्यालयातल्या क्लार्कबाईंनी पहिल्यांदा किल्ली नाही म्हणून सांगितलं, दुसऱ्यांदा साहेब नाहीत म्हणून. तिसऱ्यांदा मी डबा घेऊनच गेले आणि त्यांच्यासमोर बसून जेवले. मग वही निघाली. पानाच्या वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : ‘दसरा स्नेहमेळावा व अल्पोपहार’. खाली सह्या, आणि काकांच्या नावाशेजारी तो पिवळा डाग. झेरॉक्स काढताना कुणीतरी वरची ओळ कागदाने झाकली होती, एवढंच.

मी मोबाइलवर फोटो काढले. काका बाहेर येऊन म्हणाले, “जाऊन विचारू या त्यांना. कदाचित दुसऱ्या कुणी केलं असेल. माफी मागतील.”

“मला माफी नको,” मी म्हटलं. “माफी घरात बसून मागतात. माझा अपमान हॉलमध्ये झालाय.”

काकांना ते आवडलं नाही, हे मला दिसलं. पण ते माझ्याबरोबर राहिले.

पुढे मसुदा अधिकृतपणे जाहीर झाला, आणि त्यावर हरकती घ्यायला सरकारने एक महिना दिला. नवऱ्याने सांगितलं, की एकाच मजकुराच्या शंभर प्रती दिल्या तरी ऑफिसात तो एकच गठ्ठा धरतात. म्हणून प्रत्येकाने आपलं आपण लिहायचं ठरलं. आमच्याकडे हॉल नव्हता. मी आमच्या राहत्या वस्तीतल्या बुद्धविहारात दुपारची जागा मागून घेतली. चार रविवार युनिटवाले तिथे सतरंजीवर मांडी घालून लिहीत होते. रोज लाखो खोकी... नाही, वाढवून सांगत नाही; पण हातांत एवढं काम असलेली ही माणसं, आणि पेन धरल्यावर त्यांना घाम फुटायचा. “काय लिहू?” असं कुणी विचारलं की मी म्हणायचे, “तुम्ही काल काय केलंत ते लिहा.”

काकांचा कागद शुद्धलेखनाच्या चुकांनी भरला होता. ते म्हणाले, “तुम्ही सुधारून द्या.” मी हात लावला नाही.

पिंपळगावला जाऊन एका पॅकहाउसवाल्या दादांनाही भेटले. मोठे बागायतदार आहेत, माझे जुने गिऱ्हाईक. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, “ताई, मोठ्या कारखान्याचं खोकं चांगलं असतं, नाय म्हणत नाय. पण त्यांना आठ दिवस आधी सांगावं लागतं. आभाळ भरून आलं आन् मला आजच माल काढायचा असला, तर मी कुणाला फोन करू? तुम्हालाच ना?” मी म्हटलं, “हेच लिहून द्या.” त्यांनी दिलं, आणि आजूबाजूच्या दहा-बारा जणांकडूनही घेतलं.

त्या महिन्यात शेठ मला एका लग्नात भेटले. जेवणाच्या रांगेत माझ्या मागेच होते. “काय ताई, कसं चाललंय?” त्यांनी विचारलं. “छान चाललंय,” म्हणाले मी, आणि मनापासून हसले. माझ्या पर्समधल्या मोबाइलमध्ये त्या वहीचे फोटो होते. वर्षभरात एवढं चवीने मी कधी जेवले नव्हते.

सुनावणी नाशिकलाच झाली, सीबीएस बसस्टँडजवळच्या एका सरकारी सभागृहात. मुंबईहून एक वरिष्ठ अधिकारी बाई आल्या होत्या, बारीक चणीच्या, कॉटनच्या साडीतल्या. त्यांनी खरोखरच हरकती वाचल्या होत्या. सुरुवातीलाच त्यांनी काकांचा कागद उचलला आणि चुकांसकट मोठ्याने वाचला. काकांनी लिहिलं होतं, की माझ्याकडे प्रयोगशाळा नाही, पण प्रत्येक लॉटमधलं एक खोकं मी पाण्याच्या फडक्यावर ठेवतो, त्यावर वजन ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी बघतो; ते दबलं तर लॉट बाहेर जात नाही; सरकारने माझं खोकं न्यावं आणि त्यांच्या मशीनवर तपासावं, नापास झालं तर मी धंदा बंद करतो. वाचून झाल्यावर बाईंनी विचारलं, “हे गृहस्थ आलेत का?” काका उभे राहिले. त्यांना बोलता येईना. बाई म्हणाल्या, “बोलायची गरज नाही, तुम्ही लिहिलंय.”

नंतर माझा नंबर आला. शेठ पुढच्या रांगेत बसले होते. मी येताना स्कूटरवर एक वाक्य घोकत आले होते. आधी कागद द्यायचे, मग ते उठून बोलायला लागले की शांतपणे म्हणायचं : शेठ, सह्या गोळा करणं वेगळं आणि सहमती घेणं वेगळं, बसा. त्या वाक्यासाठी मी इतके महिने घालवले होते.

मी दोन कागद टेबलावर ठेवले. एक सरकारी फाइलमधली प्रत, एक वहीच्या पानाचा रंगीत प्रिंट. म्हटलं, “मॅडम, दोन्हीकडच्या सह्या त्याच आहेत. एका पानाचं शीर्षक तेवढं वाचा.”

बाईंनी वाचलं. दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून उजेडाकडे धरले. मग त्यांनी शेठकडे बघून विचारलं, “आपण समितीचे अध्यक्ष ना? ही चर्चा कुठे झाली?”

शेठ उठले. “कार्यालयाकडून अनवधानाने काहीतरी...”

“पत्रावर सही कार्यालयाची नाही, आपली आहे. अल्पोपहाराच्या सह्या आपण सहमती म्हणून शासनाला पाठवल्यात.”

“मॅडम, त्यामागची भूमिका अशी होती की...”

“बसा,” बाई म्हणाल्या.

आणि ते बसले. माझं वाक्य माझ्या घशातच राहिलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघून माना डोलावल्या, काकांनी माझा हात दाबला, आणि मला मात्र आपल्या ताटातला घास कुणीतरी उचलून खाल्ल्यासारखं वाटत होतं.

सातवं कलम बदललं. लाइन आणि प्रयोगशाळा गेली. ज्याच्या खोक्याचा नमुना मान्य प्रयोगशाळेत पास होईल त्याला मान्यता, असं आलं. आमच्यापैकी जवळपास सगळ्यांची खोकी पास झाली. काकांचं तर पहिल्या फेरीत. विहारात पेढे वाटले. लोक माझ्याशी असं बोलू लागले की मला वाटायचं, यांना खरं सांगावं. मी हे तुमच्यासाठी केलं नाही. पण सांगितलं नाही, आणि संघटनेच्या पुढच्या निवडणुकीत शेठविरुद्ध त्याच समितीच्या अध्यक्षपदाला उभी राहिले. निवडून आले. पहिल्या बैठकीत शेठ तिसऱ्या रांगेत बसले होते. मला वाटलं, आता पोट भरेल. भरलं नाही.

दोन वर्षांनी सरकारने आणखी एक मसुदा काढला. लाकूड-कोळशावर चालणारे बॉयलर बंद करून गॅसवर न्यायचे, ठरलेल्या मुदतीत. आम्हा लहान युनिटवाल्यांना त्याचा काही त्रास नव्हता. आमची मशीनं विजेवर तापतात. वाफेवर चालणारी लाइन शेठकडे होती. गॅसची पाइपलाइन त्यांच्या भागात अजून पोचली नव्हती. मुदत वाढवून मागायची तर ती समितीच्या पत्राने, म्हणजे माझ्या सहीने मागायला लागणार होती.

त्यांचं पत्र आलं. ‘माननीय अध्यक्षा’ असं वर लिहिलेलं. तीन पानं, मुद्देसूद, खरं बोलायचं तर रास्त. मी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं.

रोज सकाळी संघटनेच्या कार्यालयात जायचे, ड्रॉवर उघडायचे, पत्र आहे ना ते बघायचे आणि बंद करायचे. हे मी तीन आठवडे केलं. काकांनी एकदा विचारलं, “त्या बॉयलरचं पत्र गेलं का?” मी म्हटलं, “अभ्यास चाललाय.” ते म्हणाले, “माझ्या हरकतीचा अभ्यास त्या बाईंनी एका दिवसात केला होता.” मी ड्रॉवर ढकलून बंद केला. मला कुणी काही म्हटलं तरी त्या दिवसांत लागत नव्हतं. शेठ वाट बघत असतील, फोन वाजला की दचकत असतील, या विचाराने मला बरं वाटायचं. खोटी सभ्यता आणून हे लपवू कशाला?

हरकतींना चार दिवस उरले असताना मावशी माझ्या शेडवर आल्या. शेठच्या कारखान्यात पिना मारायच्या टेबलावर मी लागले, तेव्हा ज्यांनी मला हात धरून शिकवलं त्या या मावशी. सिन्नरजवळच्या खेड्यातल्या. अजून तिथेच कामाला होत्या. दोन बस बदलून आल्या होत्या. पाणी प्यायल्या आणि सरळ विषयाला आल्या.

“लाइन बंद व्हणार म्हणत्यात. आमच्यातल्या निम्म्या बायांना मुदत संपली की येऊ नका म्हणून सांगितलंय. माझं नाव हाय त्यात. तुझ्या सहीवर अडलंय म्हणं.”

“कोण म्हणतं?”

“समदेच म्हणत्यात.”

मग मी त्यांना सगळं सांगितलं. नऊ पानं, वही, भज्याचा डाग, हॉलमधलं हसणं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं.

“त्यानं लय वाईट केलं,” त्या म्हणाल्या. “तू बी त्याची जिरवलीस, बरं केलंस. आता माझं सांग.”

मी म्हटलं, “मावशी, माझ्याकडे या कामाला.”

“गुडघे बघ माझे. रोज सिन्नरहून नाशकात द्वारकेचा चौक, तिथनं अंबड. किती दिवस जमंल?”

जाताना त्यांनी माझ्या मशीनवरून हात फिरवला, चांगलं ठेवलंस म्हणाल्या. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी शेठना बोलावलं. ते वेळेवर आले. मी आतल्या खोलीत रिकामी बसले होते, तरी त्यांना पाऊण तास बाकावर बसवून ठेवलं. मग आत घेतलं. त्यांचे केस पूर्ण पांढरे झाले होते. मी त्यांच्यापुढे एक टाइप केलेला कागद सरकवला. त्यात दोन वाक्यं होती. ‘लघुउद्योजकांशी कोणतीही चर्चा न करता मी त्यांच्या सह्या सहमती म्हणून वापरल्या. त्यांचं निवेदन मी शासनाकडे पोचवलं नाही.’

“यावर सही करा,” मी म्हटलं. “आणि परवाच्या बैठकीत उभं राहून वाचा. त्याच दिवशी मुदतवाढीचं पत्र जाईल.”

त्यांनी कागद दोनदा वाचला. “तुम्ही मला असं करायला लावाल असं वाटलं नव्हतं.”

“मलाही तुमच्याबद्दल वाटलं नव्हतं.”

“कारखान्यात दोनशे माणसं आहेत, ताई.”

“म्हणूनच बोलावलं. एकटे तुम्ही असतात तर बोलावलं नसतं.”

त्यांनी सही केली. माझं पेन मागितलं, मी दिलं नाही. त्यांनी स्वतःच्या खिशातलं काढलं.

बैठकीला हॉल भरला होता. शेठ उठले आणि वाचायला लागले. पहिलं वाक्य नीट झालं. दुसऱ्या वाक्यात ‘निवेदन’ या शब्दावर त्यांचा आवाज अडकला. त्यांनी खाकरून परत पहिल्यापासून वाचलं. मी लोकांच्या तोंडांकडे बघत होते. मला ते हसायला हवे होते. माझ्या वेळेला हसले होते तसेच. कुणी हसलं नाही. काका जमिनीकडे बघत होते. वाचून झाल्यावर शेठ बसले आणि कुणीतरी पुढचा विषय घ्या म्हणालं.

पत्र मी त्याच दुपारी पाठवलं. चांगलं लिहिलं होतं, माझ्या त्या नऊ पानांइतकं चांगलं. पण पोचलं ते शेवटच्या दिवशी. सुनावणीची यादी तोवर भरली होती, तीत आमचं नाव लागलं नाही. आधीच म्हणणं मांडलेल्या दुसऱ्या एका जिल्ह्याला पुरेशी मुदत मिळाली, आम्हाला थोडीच मिळाली. ती गॅस यायच्या आधी संपली. पुढच्या द्राक्षाच्या हंगामात शेठची लाइन दोन महिने बंद राहिली. मावशी दोन महिने घरी बसल्या. मधे आठ दिवस त्यांनी माझ्याकडे कामाला येऊन बघितलं. नवव्या दिवशी आल्या नाहीत. फोन केला तर म्हणाल्या, “गुडघे सुजल्यात गं. तू तेवढं पत्र आधी धाडलं असतंस तर बरं झालं असतं.” एवढंच. पुन्हा तो विषय त्यांनी कधी काढला नाही.

ते तीन आठवडे माझे आहेत. ते कुणाच्या नावावर टाकता येत नाहीत. मावशींपुढे मला अजून नीट बोलता येत नाही. दिवाळीला त्यांच्या घरी जाते, उंबऱ्यातून आत शिरताना पदर सारखा करते आणि उगाच त्यांच्या नातवाचा अभ्यास विचारते. नवऱ्याने एकदा सुचवलं, “शेठना माफ करून टाक, तुलाच हलकं वाटेल.” मी खूप विचार केला. मावशींचं वाईट वाटतं ते वेगळं, आणि शेठ वेगळे. एकाचं पाप दुसऱ्याच्या खात्यातून वजा होत नाही. पुन्हा तशी वेळ आली तर मी पत्र पहिल्या दिवशी पाठवीन, पण तो कागद मी त्यांच्याकडून वाचून घेईनच.

शेठ आता कारखान्यात फारसे येत नाहीत. लाइन गॅसवर चालते, मावशी परत टेबलावर आहेत, आणि कारभार शेठची मुलगी बघते. तिशीतली, शिकलेली मुलगी आहे. मागच्या महिन्यात पहिल्यांदा समितीच्या बैठकीला आली. मोठ्या कारखानदारांच्या रांगेत न बसता काकांच्या शेजारी बसली. बैठक संपल्यावर माझ्या टेबलापाशी आली.

“मॅडम, नव्या मसुद्यावर आम्हाला म्हणणं द्यायचंय. कसं लिहावं? बाबा म्हणाले, तुम्हालाच विचार.”

डोळे अगदी वडिलांचे. मी तिला खुर्ची दाखवली. कलम कसं वाचायचं, हरकत कुठून सुरू करायची, शेवटची तारीख कुठे बघायची, सगळं अर्धा तास समजावून सांगितलं. तिने वहीत उतरवून घेतलं. काका दारात थांबून हे बघत होते. त्यांनी मला खुणेनेच विचारलं, चहा सांगू का? मी नको म्हटलं.